सात डेसिबल

तो आवाज सुरू झाला तेव्हा मी एका पानाच्या मध्यावर होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, घर झोपलं होतं आणि मी प्रुफं वाचत होते. मुद्रितशोधनाचं काम मला शांततेतच जमतं. वाचताना मनात एक आवाज चाललेला असतो, तो प्रत्येक अक्षर उच्चारत जातो. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, उलटसुलट झालेलं जोडाक्षर, हे सगळं त्या आवाजाला खटकतं. डोळा पुष्कळदा फसतो, हा आवाज सहसा फसत नाही.

त्या रात्री त्याच्या शेजारी दुसराच एक आवाज येऊन बसला. बारीक, उंच, एकसुरी. आधी वाटलं चार्जर वाजतोय, म्हणून तो काढला. मग टेबलावरचा दिवा घालवला. उठून फ्रिजपाशी गेले, तिथून खिडकीपाशी. आवाज माझ्याबरोबर चालत होता. डाव्या कानावर तळहात घट्ट दाबला तर तो कमी होण्याऐवजी आणखी ठळक झाला. बाहेरचं सगळं दाबलं गेलं आणि तो तेवढा उरला. तशीच उभी राहिले. बाहेरून येणारा आवाज बंद करता येतो, निदान त्याच्यापासून लांब जाता येतं, हे इतकं गृहीत धरलेलं होतं की ते तसं नसेल तर काय करायचं याची काही तयारीच नव्हती.

सकाळी जाईल असं वाटलं. सकाळी तो माझ्याआधी जागा होता.

मी 9 दिवस वाट पाहिली. कानात दडा बसल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे सर्दी असेल, मळ असेल, आपोआप सुटेल असं स्वतःला सांगत राहिले. ही माझी चूक होती आणि ती इथे स्पष्ट लिहायला हवी, कारण पुढे जे समजलं ते मला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं. कान एकाएकी वाजायला लागतो तेव्हा कधी कधी त्याच्यासोबत ऐकूही एकाएकी कमी येऊ लागलेलं असतं, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. 3 दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांमध्ये 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त घट झाली तर कानाचे डॉक्टर ती तातडीची बाब मानतात. त्यावर स्टिरॉइड देतात, आणि त्यांचा उपयोग व्हायचाच असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. म्हणून कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला, एका बाजूचं ऐकू येणं उतरलं, तर मळाची शंका घेत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तपासून घ्यावं. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल तरीही थांबू नये.

माझी घट तेवढी नव्हती. ऑडिओग्रामवरची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरची, रेघ 4000 हर्ट्झपर्यंत ठीक चालली होती, 6000 आणि 8000 वर मात्र डाव्या कानात ती खाली उतरली होती. आवाज एकाच कानात होता म्हणून एमआरआय करायला सांगितला. ऐकण्याच्या आणि तोलाच्या मज्जातंतूवर क्वचित एखादी साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असू शकते, ती नाही ना हे पाहण्यासाठी. त्या नळीत, कानात बोळे घालूनही, चारी बाजूंनी ठोकल्यासारखा आवाज येत होता. लोक त्याला घाबरतात. मला त्या ठोकाठोकीत इतक्या दिवसांनी विसावा मिळाला, कारण तेवढा वेळ माझा आवाज त्याच्याखाली बुडून गेला होता.

अहवाल स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "धोक्याचं काही नाही. या आवाजावर औषध नाही. होईल सवय."

त्यांनी सांगितलेलं तिन्ही खरं होतं. तरी त्या तीन वाक्यांनी मला जितकं एकटं पाडलं तितकं त्या आवाजानेही पाडलं नव्हतं. "सवय" हा शब्द चटकन उच्चारला की असं वाटतं, सहन करणं हीच आता तुमची नोकरी. सवय कशी होते, कुठल्या क्रमाने होते, ती होण्यासाठी काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मला मिळाली नाहीत, आणि पुढचे पाच आठवडे मी जे जे केलं ते जवळजवळ सगळं उलटं केलं.

पहिलं म्हणजे कानात बोळे घालायला लागले. ऐकू येणं आणखी बिघडू नये म्हणून घरातही, दिवसभर. त्यामुळे बाहेरचं जग मंद झालं आणि आतला आवाज खोली भरून राहिला. वर भांड्याला भांडं लागलं तरी अंगावर काटा यायला लागला. खरोखरीच्या मोठ्या गोंगाटात कान झाकायलाच हवेत, पण साध्या आवाजांपासून कान लपवले की ते हळवे होतात. हे मला नंतर कळलं.

दुसरं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर वाचत बसणं. झिंक, मेलाटोनिन, जिंको यांच्या जाहिराती आणि खाली त्यांनी बरं झाल्याच्या साक्षी. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत या तिन्ही गोष्टी या त्रासासाठी सुचवू नयेत असं लिहिलं आहे. तेही मी वाचलं होतं, आणि तरी गोळ्या मागवल्या होत्या. रात्री दोनला माणूस पुराव्यासाठी वाचत नाही.

आणि तिसरं, सगळ्यांत वाईट: चाचपणी. दर थोड्या वेळाने मी थांबून ऐकायचे. आहे का? कालच्यापेक्षा जास्त आहे का? सूर बदललाय का? एकदा दात आवळले तर सूर वर चढला. छातीत धस्स झालं. मग दिवसातून पन्नास वेळा दात आवळून पाहायला लागले. (जबड्याच्या आणि मानेच्या स्नायूंकडून निघणारे संदेश मेंदूच्या तळाशी ऐकण्याच्या वाटेला येऊन मिळतात, म्हणून असं पुष्कळांना होतं आणि त्यात भिण्यासारखं काही नाही. पण हे कुणी सांगेपर्यंत माझा जबडा दुखायला लागला होता.) एका वहीत रोज रात्री शून्य ते दहामधला आकडा लिहायचे. त्या वहीत तीनच्या खालचा एकही आकडा नाही.

काम थांबलं होतं. मनातला तो वाचणारा आवाज आणि हा आवाज एकाच जागेसाठी भांडत होते. एका पुस्तकाच्या आठ पानांत मी सात चुका सोडल्या आणि प्रकाशकाला फोन करून सांगितलं की मला जमणार नाही. काही रात्री विचार फार काळोखात जाऊन यायचे. ते मी ताईला सांगितले. ती काही बोलली नाही, फोन चालू ठेवून तिच्या घरातली कामं करत राहिली आणि मी त्या आवाजांवर झोपले. तसे विचार कुणाला येत असतील तर त्यांनी ते एकट्याने सांभाळू नयेत, त्याच रात्री कुणाला तरी सांगावेत, आणि डॉक्टरांनाही. कानाच्या आवाजापायी असं होतं हे सांगायला संकोच वाटतो. मला वाटला होता.

त्या दिवसांत आधार मिळाला तो दोन अनपेक्षित ठिकाणी. एक शब्दांत. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात या दुखण्याला दोन नावं आहेत. नगारा, मृदंग, शंख असे आवाज येतात तो कर्णनाद, आणि वेळूच्या बासरीसारखा येतो तो कर्णक्ष्वेड. क्ष्वेड! इतकं अवघड जोडाक्षर मी आयुष्यात एकदाही तपासलं नव्हतं. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणी तरी रुग्णाला नीट बसवून विचारलं होतं, नेमका कसा आवाज येतो? आणि उत्तर ऐकून दोन वेगळे शब्द ठेवले होते. मला तेवढंही कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा आधार एका संगीतकाराचा. स्मेताना 1874 मध्ये पूर्ण बहिरा झाला. त्याआधी कानात उंच सूर घुमत असे. 1876 मध्ये त्याने स्वतःच्या आयुष्यावर एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहिलं. त्याच्या शेवटच्या भागात सगळं आनंदाने धावत असताना संगीत एकदम थांबतं आणि खालच्या थरथरीवर व्हायोलिनचा एक उंच सूर लांबत राहतो. तो त्याच्या कानातला सूर. मी तो ऐकला तेव्हा उठून बसले. कुणी तरी हे कागदावर आणलं होतं. त्या सुराला ठरावीक जागा होती, ठरावीक लांबी होती, आणि तो संपल्यावर पुढची ओळ होती.

सहाव्या आठवड्यात एका ऑडिओलॉजिस्टकडे गेले. तिने आधी तेच विचारलं: "कसा येतो? सांगा बरं मला." मग ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि म्हणाली, आज तुमचा आवाज आपण शोधून काढू. हेडफोनमधून ती दोन-दोन स्वर ऐकवत होती. तुमचा पहिल्याच्या जवळचा की दुसऱ्याच्या? असं करत करत आम्ही 6000 हर्ट्झपाशी पोचलो. नेमकं तिथे, जिथे ऑडिओग्रामची रेघ खाली उतरली होती. मग तोच स्वर अगदी हळू लावून ती हळूहळू वाढवत गेली. माझ्या आवाजाइतका झाला की हात वर करायचा.

मी हात वर केला. तिने आकडा लिहिला. सात डेसिबल.

म्हणजे त्या स्वरात मला जे कमीतकमी ऐकू येतं, त्याच्या वर फक्त सात. बहुतेकांचा असा दहाच्या आतच भरतो, ती म्हणाली. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माझी झोप गेली होती, वजन उतरलं होतं, हातचं काम गेलं होतं. आणि सात? पुन्हा मोजा म्हणाले. तिने पुन्हा मोजलं. सातच.

"आवाज सातचा आहे," ती म्हणाली. "त्रास सातचा आहे असं मी कुठे म्हटलं?"

मग तिने एक शेवटची चाचणी केली. डाव्या कानात एक मिनिटभर फसफसता आवाज सोडला, माझा आवाज पुरता झाकेल इतका. तो बंद झाला. मी आतला आवाज परत सुरू व्हायची वाट पाहिली. तो आला नाही. खोलीत काही नव्हतं आणि माझ्या कानातही काही नव्हतं. साडेअकराच्या त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच. मला माझा श्वास ऐकू आला, मग गिळल्याचा आवाज, मग बाहीचा खुर्चीला लागलेला कापडाचा आवाज. साधारण चाळीस सेकंद. मग तो पाय न वाजवता परतला आणि आपल्या जागेवर बसला. मी रडले. काचेपलीकडून तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाई केली नाही.

हा उपचार नाही हे तिने लगेच सांगितलं. असा तात्पुरता विराम पुष्कळांना मिळतो, टिकत नाही. पण मला त्यातून एवढं दिसलं की हा आवाज म्हणजे कानात रुतलेली वस्तू नव्हे. तो कुठे तरी तयार होत होता, सतत, आणि थोडा वेळ का होईना, थांबू शकत होता.

तो कुठे तयार होतो हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत समजलं. आपल्या कानाच्या आत, अडीच वेढ्यांच्या शंखात, सुमारे 15 हजार केसपेशी असतात. उंच सुरांच्या तळाशी, खालच्या सुरांच्या टोकाकडे. गोंगाटाने, वयाने, काही औषधांनी किंवा काही न कळता त्यांतल्या काही मरतात. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, माणसांत नाही. आता, छापील ओळीत एखादं अक्षर गळलेलं असलं तरी वाचणाऱ्याला ते दिसतं. मेंदू ते आपल्या पदरचं भरतो. मुद्रितशोधकाची अर्धी मेहनत मेंदूच्या या मदतीविरुद्ध असते. बहुतेक संशोधक मानतात की कानातही काहीसं असंच होतं. 6000 हर्ट्झकडून येणारा मजकूर तुटला. वरती बसलेला वाचणारा तो न येण्याला कोरी जागा मानत नाही. तो कान अधिक टवकारतो, आपली संवेदना वाढवतो, आणि मज्जातंतूंची जी कुजबुज एरवी कधी ऐकू येत नाही ती स्वर म्हणून वाचू लागतो. माझा मेंदू ज्या सवयीने चुका लपवायचा, त्याच सवयीने आता वाजत होता. त्याच्यावर रागवायला मला जमेना.

कोरी जागा तशी कुणाचीच नसते. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी कानाची काही तक्रार नसलेल्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. 94 टक्क्यांनी काही ना काही ऐकलं. गुणगुण, शिट्टी, भुणभुण. मग ते बाहेर पडले आणि आपल्या उद्योगाला लागले. मी त्या बाहेर पडण्याचा फार विचार केला. त्यांनी आवाज ऐकला, त्याची नोंद केली, आणि तो धोका आहे असं त्यांच्या मनात आलं नाही. पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकाने 1990 मध्ये मांडलेला विचार इथेच येतो. आवाजाला मेंदूने एकदा धोक्याची खूण लावली की लक्ष आपोआप त्याच्यावर खिळतं, शरीर सावध होतं, आणि सावध शरीराला तो अधिकच ठळक ऐकू येतो. माझ्या वहीतले आकडे, माझं दात आवळणं, सगळा पहारा त्या खुणेला रोज नवी शाई लावत होता.

तिने मला तीन गोष्टी सांगितल्या. वही बंद. बोळे बंद. आणि रात्री खोलीत काही तरी मंद वाजू द्यायचं, पाऊस म्हणा, पंखा म्हणा, पण आवाज असा ठेवायचा की त्याच्याखाली आतला किंचित ऐकू येत राहील. तो पुरता झाकायचा नाही, झाकला तर मेंदू त्याच्या शेजारी राहायला शिकणार कसा? पहिले काही दिवस हे फार कठीण गेलं. झाकून टाकायचा मोह आवरत नव्हता.

एका मानसोपचारतज्ज्ञांकडे बारा आठवडे सीबीटी केली, म्हणजे आपले विचार तपासून ते बदलायला शिकवणारी उपचारपद्धती. या त्रासावर आजवर जे तपासलं गेलं आहे त्यात ती सर्वांत भरवशाची ठरली आहे. आवाज तिने कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितलं. रात्री येणारे विचार जसेच्या तसे कागदावर उतरवून आणायला सांगितलं. मी आणले. "आता मी पुन्हा कधीच वाचू शकणार नाही." "हे असंच कायमचं वाढत जाणार." ते म्हणाले, ही तुमच्याकडे आलेली प्रुफं आहेत असं समजा आणि तपासा. मी लाल पेन घेतलं. "कधीच"वर खूण केली, कारण सकाळीच मी औषधाचं पत्रक वाचलं होतं. "वाढत"वर केली, कारण त्याला माझ्याकडे काही आधार नव्हता. "कायमचं" या शब्दापाशी थांबले. तो चूक आहे असं म्हणता येत नव्हतं. समासात मी प्रश्नचिन्ह केलं. लेखकाला विचारायचं असतं तेव्हा करतो तसं.

विसरण्याची गंमत अशी की ते घडताना पाहता येत नाही. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मी पेन खाली ठेवलं, मान मोकळी केली, आणि आवाज आला. तेव्हा लक्षात आलं की गेली बारा पानं तो माझ्याबरोबर नव्हता. आधी आनंद झाला, मग लगेच तो अजून आहे याचं दुःख, मग पुन्हा बारा पानांचा आनंद. पुढच्या आठवड्यात अर्धं पानही झालं नाही. असंच चाललं. झोप कमी झाली, ताप आला, कुणाशी वाद झाला की तो चढतो. आता दीड वर्ष झालं. अजूनही महिन्यातून एखादी रात्र वाईट जाते. तेव्हा पाऊस लावते आणि सकाळपर्यंत कुठलाही निष्कर्ष काढत नाही.

बाबांना मी फार उशिरा सांगितलं. ते 74 वर्षांचे, तीस वर्षं यंत्रांशेजारी उभं राहून काम केलेले. त्यांना काळजी नको म्हणून टाळत होते. एकदा फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "अगं, मग तुला चीं येतो की वाफ सुटल्यासारखा?"

"तुम्हाला येतो, बाबा?"

"वीस वर्षं झाली असतील. दोन्ही कानांत."

"कधी बोलला नाहीत."

"त्यात सांगायचं काय? आणि मला वाटलं, म्हातारपणी सगळ्यांनाच येत असेल."

जगात प्रौढांपैकी साधारण 14 टक्के लोकांना हा आवाज येतो, हे 2022 च्या एका मोठ्या आढाव्यातलं प्रमाण मला पाठ होतं. सातांत एक. त्या सातांतले एक माझ्या घरात होते आणि मी त्यांच्यावर चिडायचे, टीव्ही इतका मोठा कशाला लावता म्हणून. वीस वर्षं ते त्या वाफेवरून आमचं बोलणं ऐकत होते.

त्यांना घेऊन मी त्याच ऑडिओलॉजिस्टकडे गेले. त्यांची रेघ माझ्यापेक्षा पुष्कळ खाली होती. त्यांच्या वयाला आणि कामाला साजेशी, ती म्हणाली. कानाची यंत्रं बसवली. ऐकू येणं वाढलं की आतला आवाज पुष्कळांचा मागे सरतो, तसा त्यांचा थोडा सरला. पण त्यांनी तसं काही सांगितलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, आहे, पण बसलाय गप्प.

परवा ते माझ्या टेबलाशेजारी येऊन बसले होते. मी प्रुफं पाहत होते. पान उलटलं तसे त्यांनी वर पाहिलं.

"हे काय वाजलं?"

"कुठे काय?"

"आत्ता. तू काही तरी केलंस."

मला कळेना. आवाज तर माझ्या कानातला, आणि तो त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. मग त्यांनीच माझ्या हाताकडे बोट केलं. कागद. उलटताना होते ती कागदाची सळसळ. उंच सुरांची, फार हळू. कित्येक वर्षं त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"पुन्हा कर बरं," बाबा म्हणाले.

पान वाचून झालं नव्हतं. तरी मी ते उलटलं, मग परत उलटलं, आणि त्यांनी यंत्र लावलेला कान थोडा पुढे केला.